तालीम : वर्गातली आणि रंगमंचावरची

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)





बक्षीस समारंभाच्या आधी पाहुण्यांचे भाषण ठेवण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. समोर बसलेल्या मुलांचे निम्मे लक्ष टेबलावरच्या चषकांकडे असते आणि उरलेले निम्मे घड्याळाकडे. मीही पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकविले आहे, त्यामुळे ही बेरीज मला ठाऊक आहे. म्हणून मी आज उपदेश करणार नाही. एक गोष्ट सांगणार आहे. ती नाटकाची आहे आणि तिच्यात माझी फजितीही आहे.

ही गोष्ट आजच सांगण्याचे कारण असे. समारंभाचे निमंत्रण द्यायला आपले सेक्रेटरीसाहेब घरी आले होते. बोलता बोलता ते म्हणाले, "सर, स्नेहसंमेलनात मुलांनी नाटक बसविले आहे. पण तीन-चार पालक येऊन विचारून गेले की, या नाचगाण्यात पोरांचे दोन महिने फुकट जातात, अभ्यासाचे काय?" प्रश्न रास्त आहे. ज्या बापाने कर्ज काढून फी भरली, त्याला तो विचारण्याचा हक्क आहे. तो हसण्यावारी नेऊ नये. माझ्या अब्बांनीही मला तोच प्रश्न विचारला होता.

उत्तराआधी एका शब्दाकडे तुमचे लक्ष वेधतो. तो शब्द म्हणजे 'तालीम'. आपल्या घरात तालीम म्हणजे शिक्षण. 'इल्म' म्हणजे ज्ञान, ते देणे म्हणजे तालीम आणि देणारा तो मुअल्लिम. हा अरबी शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला आणि इथे त्याने दोन नवी घरे केली. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. आणि नाटकवाल्यांच्या बोलीत तालीम म्हणजे प्रयोगाआधीचा सराव. शाळा, आखाडा आणि नाटक, तिन्हीकडे शब्द एकच. मराठी माणसाने हा शब्द काही चुकून वापरलेला नाही. तिन्ही ठिकाणी काम एकच चालते. जे येत नाही ते, कोणी टाळी वाजवीत नसताना, पुन्हा पुन्हा करावयाचे.

आता गोष्ट.

मी मिरजेचा. मिरज-सांगलीच्या हवेतच गाणे आणि नाटक आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, तिथून मराठी रंगभूमीची सुरुवात मानतात. बालगंधर्वांनी १९०५ साली शकुंतलेच्या वेषात पहिले पाऊल टाकले तेही मिरजेत. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली ते गेले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात तिथे गवयी येऊन हजेरी लावतात आणि गावातले सगळे लोक मांडीला मांडी लावून ऐकतात. सतारी आणि तंबोरे करणारे आमचे कारागीर तर सर्वांना माहीत आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

माझे अब्बा सतारीच्या एका कारखान्यात जवारीचे काम करीत. जवारी म्हणजे काय ते मुलांसाठी सांगतो. सतारीच्या भोपळ्यावरच्या तबकडीवर एक घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. त्या घोडीचा माथा कानशीने इतका हलका घासावा लागतो की तार त्याला नुसती स्पर्शून जावी. तसे झाले की स्वर खुलतो, गुंजतो. एक घासणी जास्त झाली की स्वर मुका होतो आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. अब्बा एक तार छेडायचे, कान लावायचे, एकदा घासायचे, पुन्हा छेडायचे. हे काम तासन् तास चाले. लहानपणी मला वाटे, हे काय चालले आहे? काही होताना तर दिसत नाही!

मी डी. एड. होऊन शाळेत लागलो त्याला चार वर्षे झाली होती. वय सव्वीस. गावात हौशी मंडळींचा एक नाट्यसंघ होता. त्यात बँकेतले कारकून, एक परिचारिका, एक वकील, दोन शिक्षक आणि किराणा दुकानदार अशी माणसे होती. वाचनालयाच्या इमारत निधीसाठी त्यांनी 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक करावयाचे ठरविले. लेखकाची परवानगी आली आणि खाँसाहेबांच्या भूमिकेसाठी माझे नाव निघाले.

आजच्या मुलांनी २०१५ सालचा 'कट्यार'चा चित्रपट पाहिला असेल. मूळ नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचे, आणि ते १९६७ साली रंगमंचावर आले. खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका डॉ. वसंतराव देशपांडे यांनी अशी केली की महाराष्ट्राला खाँसाहेब म्हटले की वसंतरावच दिसू लागले. नाटकात एका संस्थानचे राजगायकपद आहे आणि त्या मानाची खूण म्हणजे ती कट्यार. पंडित भानुशंकरांना मागे सारून खाँसाहेब ती मिळवितात. पंडितजींना गुरू मानणारा सदाशिव नावाचा एक तरुण खाँसाहेबांची गायकी शिकण्यासाठी धडपडतो, आणि खाँसाहेब ती त्याला द्यायला तयार नाहीत. नाटकाचा सगळा ताण या एका 'नाही'त आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मी अब्बांना विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाद्य करणाऱ्या घरात गाण्याला कोण ना म्हणेल? पण नाटक रात्री जागविते. तू आता मास्तर आहेस. सकाळी तुझ्यापुढे लोकांची पोरे बसतात. त्यांचे काय?" अखेर एक अट घातली. तालीम कितीही वाजता सुटो, सकाळी सातच्या तासाला मी वर्गात हवा, आणि तपासायची एकही वही शिल्लक राहता कामा नये. ज्या दिवशी हे चुकेल त्या दिवशी नाटक बंद. पालकहो, त्या वेळी ही अट मला जाचक वाटली. आज वाटते, इतकी चांगली परवानगी मला दुसऱ्या कोणी दिली नाही. नुसते 'हो' म्हटले असते तर मी उधळलो असतो, आणि नुसते 'नाही' म्हटले असते तर चोरून गेलो असतो.

तालमी रात्री नऊला वाचनालयाच्या हॉलमध्ये सुरू झाल्या. बाके भिंतीला लावायची, खडूने जमिनीवर दिवाणखान्याच्या रेघा ओढायच्या, कोपऱ्यात पेटी आणि तबला. पहिला आठवडा नुसते वाचन. माझ्या निवडीचे कारणही मला तिथेच कळले. आमचे दिग्दर्शक, ज्यांना आम्ही गुरुजी म्हणत असू, म्हणाले, "खाँसाहेबांच्या बोलण्यात उर्दूचा बाज आहे. तुम्हांला तो शिकवावा लागणार नाही."

मी मनातल्या मनात घाबरलो. कारण आमच्या घरात बोलतात ती दखनी. आम्ही 'नहीं'च्या जागी 'नको' म्हणतो, काझीला खाजी म्हणतो. दरबारी उर्दू ही मलाही गुरुजींइतकीच परकी होती! दुसऱ्या दिवशी मी उर्दू शाळेतल्या एका वृद्ध मुअल्लिमसाहेबांकडे गेलो आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी पहिलीतल्या मुलाप्रमाणे उच्चार गिरवू लागलो. 'क' कुठला आणि घशातला 'क' कुठला, 'ज' कुठला आणि 'झ'जवळचा कुठला. ते हसून म्हणाले, "बेटा, जबान घरात मिळते, पण तलफ्फुज मिळवावा लागतो." आपल्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे. भाषा आपली आहे म्हणून ती आपल्याला येतेच, असे नव्हे. उर्दूचे तसे, मराठीचेही तसेच.

पदांची तालीम वेगळी चाले. पेटीवर जे होते त्यांना सारे गाव बुवा म्हणे. त्यांनी पहिले दहा दिवस मला एकही पद गाऊ दिले नाही. आधी पदाचे शब्द गद्यात म्हणायला लावले, जणू समोरच्या माणसाशी बोलतो आहे असे. ते म्हणत, "मास्तर, शब्द कोणाला सांगताय ते ठरल्याशिवाय सूर लावू नका." मग पहाटे खर्जाचा रियाज. मंद्र सप्तकातला सा लावून बसायचे, अर्धा तास, दुसरे काही नाही. वसंतराव लाहोरला उस्ताद असद अली खाँ यांच्याकडे गेले आणि एका मारव्यातच बुडून राहिले, ही हकीकत बुवांनी मला तेव्हा सांगितली. तेच वसंतराव पुढे कित्येक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी सांभाळून गात होते. अब्बांची सात वाजताची अट मला त्या दिवसापासून जरा सुसह्य झाली.

प्रमुख भूमिकेच्या तालमीत आणखी दोन गोष्टी शिकलो. पहिली ही की नायकाने स्वतःचीच वाक्ये पाठ करून भागत नाही. गुरुजींनी मला सगळे नाटक तीनदा उतरवून काढायला लावले. समोरचा काय बोलतो हे कानात नसेल तर आपले वाक्य वेळेवर येईल, पण उत्तर म्हणून येणार नाही. दुसरी गोष्ट श्वासाची. लांब तानेत श्वास कुठे घ्यावा हे आधी ठरवावे लागते. मी माझ्या वहीत अशा प्रत्येक जागेवर तांबड्या पेन्सिलीने फुली केली होती. ती वही मी जिवापाड जपत असे.

आता फजिती.

समूहात एक सतरा वर्षांचा मुलगा होता. सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचा. त्याचे काम दरबारात उभे राहण्याचे, वाक्य एकही नाही. पण तो रोज सर्वांच्या आधी यायचा आणि बुवा मला जे सांगत ते खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत म्हणायचा. एके रात्री त्याने मला विचारले, "सर, दुसऱ्या पदातल्या त्या तानेत तुम्ही श्वास कुठे घेता?"

मी म्हणालो, "ऐक, म्हणजे कळेल."

तो गप्प बसला. मला मात्र बरे वाटले. इतक्या पहाटा उठून जे कमावले ते याला आयते का द्यावे, असा माझा हिशेब होता. गणिताचा शिक्षक मी, पण हिशेब चुकला होता.

त्याच सुमारास मी दुसरी चूक करीत होतो. वसंतरावांच्या ध्वनिमुद्रणाची कॅसेट मिळवून मी घरी तिची नक्कल करीत असे. बुवांनी बजावले होते, "तो गळा तुमचा नाही. त्यांची दिशा घ्या, आवाज घेऊ नका." मी ऐकले नाही. त्यांच्यासारखा फेकून सूर लावायला गेलो आणि प्रयोग बारा दिवसांवर असताना सकाळी उठलो तो आवाजच नाही. नुसती हवा. घशाच्या डॉक्टरांनी पाहिले आणि म्हणाले, स्वरतंतूंना सूज आहे. पाच दिवस संपूर्ण मौन. कुजबुजायचे सुद्धा नाही, त्यानेही ताण पडतो.

शाळेत मी फळ्यावर लिहून गणित शिकविले. चौथीची मुले त्या आठवड्यात इतकी शांत होती की, मुख्याध्यापक दारात येऊन पाहून गेले!

तालमीला मात्र जावेच लागे. गुरुजी म्हणाले, तालीम थांबणार नाही. मास्तरांच्या जागी हा मुलगा उभा राहील. तो उभा राहिला. वाक्ये त्याला येत होती. पदेही येत होती, फक्त लांब तानेत दम तुटत होता. बुवा माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमची वही द्या याला. फुल्या पाहील तर निभावून नेईल."

मी पाटीवर लिहिले, "वही शाळेत राहिली."

वही माझ्या पिशवीत होती.

मित्रहो, नाटकात खाँसाहेब सदाशिवाला विद्या नाकारतात तो प्रवेश मी दोन महिने घटवीत होतो. त्यातला राग कसा दाखवावा, पाठ कशी फिरवावी, सगळे गुरुजींकडून समजून घेत होतो. आणि त्या रात्री कोणी न शिकविता तो प्रवेश मी खरोखर केला. घरी जाताना हे माझ्या लक्षात आले आणि पिशवी जड वाटू लागली.

अब्बा जागे होते. कंदिलाशी बसून शेजारच्या मोहल्ल्यातल्या एका पोराला घोडी घासायला शिकवीत होते. तो आमच्या नात्यातला नव्हता की जातभाई नव्हता. पोर गेल्यावर मी पाटीवर लिहून विचारले, "हा शिकला तर उद्या तुमचेच काम घेईल ना?"

अब्बांनी पाटी वाचली, बाजूला ठेवली, आणि म्हणाले, "घेईल. माझे हात थरथरू लागतील तेव्हा कोणीतरी घ्यायलाच हवे. मला ज्यांनी जवारी शिकविली ते माझे चुलते नव्हते की मामा नव्हते. त्यांनी हात आखडता घेतला असता तर मी हमाली केली असती आणि तू मास्तर झाला नसतास." एवढे बोलून त्यांनी कंदील मालवला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वही घेऊन सायकलच्या दुकानात गेलो. मला बोलायची बंदी, आणि त्याच्या हाताला वंगण. त्याने हात धुतले, वही उघडली, आणि गाऊ लागला. फुलीची जागा आली की मी बोट वर करायचो, तो श्वास घ्यायचा. तोंडातून शब्द न काढता मी त्याला चार संध्याकाळी शिकविले. तिसऱ्या संध्याकाळी तो एका फुलीपाशी थांबून म्हणाला, "सर, इथे श्वास घेतला तर शब्द तुटतो. दोन मात्रा आधी घेतला तर?" मी म्हणून पाहू शकत नव्हतो, पण मनात मोजून पाहिले. त्याचे बरोबर होते. इतके दिवस ती तान माझी का अडखळत होती, ते मला त्या पोराने दाखविले. ती वही मी पिशवीतच ठेवली असती, तर ती चूक जन्मभर माझ्यापाशी सुरक्षित राहिली असती.

आवाज सातव्या दिवशी परत आला. बुवांनी माझी पट्टी अर्ध्या स्वराने उतरवली, दोन ताना काढून टाकल्या आणि कॅसेट आपल्या घरी नेऊन ठेवली. रंगीत तालीम झाली आणि प्रयोगही झाला.

प्रयोग अगदी उत्तम झाला असे मी सांगणार नाही. पहिल्या अंकात मी एक वाक्य साफ विसरलो. झरीनाचे काम करणाऱ्या परिचारिका बाईंनी प्रसंगावधान राखून मला असा प्रश्न विचारला की, त्याच्या उत्तरात माझे वाक्य आपोआप आले. प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. ज्याचे नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते त्याला सावरणारे लोक लहान अक्षरांत असतात, हे त्या रात्री समजले. उतरलेल्या पट्टीत मी माझ्या गळ्याने गायलो. वसंतराव आठवावेत असे त्यात काही नव्हते, पण जे होते ते माझे होते.

अब्बा मागच्या रांगेत, खांबाशी बसले होते. घरी येताना वाटभर काही बोलले नाहीत. दाराशी आल्यावर म्हणाले, "दुसऱ्या अंकात तंबोऱ्याची जवारी उतरली होती. कोणी पाहिले नाही का?" मला वाटते, ही त्यांची पसंती होती. नापसंत असते तर तंबोऱ्याकडे कान गेला नसता.

महिन्याने शेजारच्या तालुक्याच्या गावाहून प्रयोगाचे आमंत्रण आले. त्या दिवशी माझ्या शाळेत तपासणी होती. अट ती अट. खाँसाहेबांचे काम त्या सायकलवाल्या मुलाने केले. तपासणी उरकून मी शेवटच्या अंकाला पोहोचलो आणि विंगेत पडद्याची दोरी धरून उभा राहिलो. त्याला 'वन्स मोअर' मिळाला, मला मिळाला नव्हता. खोटे कशाला सांगू, पोटात दुखले. पण ती तान आली, दोन मात्रा आधी त्याने श्वास घेतला, आणि दोरी धरलेला माझा उजवा हात आपोआप वर गेला. पडदाच पडला असता! त्या क्षणी पोटातले दुखणे गेले. पुढे तो मुलगा गाणे शिकला आणि गाण्याचे वर्ग घेऊ लागला. सायकलचे दुकानही त्याने चालविले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

ज्या संगीत रंगभूमीचा महाराष्ट्राला अभिमान आहे ती उभीच राहिली आहे, आपल्या घरची विद्या दुसऱ्याच्या घरी देणाऱ्या माणसांमुळे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' आणि १८८२ साली 'सौभद्र' रंगमंचावर आणून वाट मोकळी केली. १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकातल्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. त्या भास्करबुवांना तालीम दिली ती फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या उस्तादांनी. बालगंधर्वांच्या पदांना तबल्याची साथ अहमदजान थिरकवा यांची आणि सारंगीची साथ कादरबक्ष यांची. उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे शिकलेल्या हिराबाई बडोदेकर मराठी रंगमंचावर गायल्या. ज्या 'कट्यार'विषयी मी बोलतो आहे त्याचे संगीतकार अभिषेकी हे उस्ताद अझमत हुसेन खाँ यांचेही शिष्य. या उस्तादांनी शिकविताना शिष्याचे घर कोणते ते पाहिले असते, तर 'स्वयंवर'च्या चाली आपल्याला ऐकायला मिळाल्या असत्या का? आणि या शिष्यांनीही शिकताना गुरूचे घर पाहिले नाही. आपली संस्था ज्यांनी स्थापिली, त्यांनीही हेच केले. स्वतःची मुले शिकली तेवढ्यावर ते थांबले नाहीत.

म्हणून पालकहो, मुलगा किंवा मुलगी नाटकात काम करते म्हणाली तर 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी अट घाला. वेळेची घाला, अभ्यासाची घाला, आणि ती पाळली जाते की नाही ते पाहा. एकदा तालमीच्या जागी जाऊन मागे बसा. तिथे तुम्हांला नाचगाणे कमी आणि घोकंपट्टी जास्त दिसेल. तुमचा मुलगा तेच वाक्य विसाव्यांदा म्हणताना दिसेल, आणि विसाव्यांदा कोणी त्याची चूक काढली तरी तो रागावलेला नसेल. हे त्याला जमले तर बीजगणिताचे उदाहरण तिसऱ्यांदा चुकल्यावर तो वही फेकणार नाही. मुलींना मागे ठेवू नका, हेही सांगतो. माझे विसरलेले वाक्य एका परिचारिकेने सावरले होते, आणि ती दवाखान्यात रात्रपाळी करून तालमीला येत असे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी दोनच गोष्टी. आज मोबाइलवर हवे ते गाणे, हवे त्या गवयाचे, क्षणात ऐकायला मिळते. ऐका, भरपूर ऐका. पण नक्कल करू नका. ती सोपी असते आणि ती गळा घेते. अभ्यासातही तसेच. दुसऱ्याच्या वहीतले उत्तर तुमच्या पट्टीत नसते. दुसरी गोष्ट ही की, बाकावर शेजारी बसलेल्या मुलाने एखादे गणित विचारले तर "वही घरी राहिली" असे म्हणू नका. वही पिशवीत आहे हे तुम्हांला माहीत असते.

थोड्याच वेळात बक्षिसे वाटली जातील. ज्यांना मिळतील त्यांचे अभिनंदन. ज्यांना मिळणार नाहीत त्यांना एवढेच सांगतो की, टाळ्या प्रयोगाला मिळतात, तालमीला कधीच मिळत नाहीत. आणि माणूस घडतो तो तालमीत. अब्बांचे हात पुढे खरोखरच थरथरू लागले. ज्या पोराला ते कंदिलाशी शिकवीत होते, त्याने जवारी लावलेला तंबोरा आजही माझ्या घरी आहे. रोज पहाटे मी तो छेडतो. स्वर खुला आहे.